मदत मिळाली, आता ग्रुपवर काय लिहायचं?

रुग्णासाठी रक्तदाता हवा असो, काटोलकडच्या बागेत संत्र्याची गळ सुरू झालेली असो, की बेसा-मनीषनगरच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर कुणाकडून मागवावा हा प्रश्न असो, नागपुरात आता पहिली हाक मोबाइलवरच्या ग्रुपला दिली जाते. उत्तरंही येतात. अनोळखी माणसं रात्री अकराला फोन उचलतात, स्वतःच्या बागेतले फोटो काढून पाठवतात, दहा ठिकाणी चौकशी करतात. त्यानंतर विचारणारा एक तर गप्प होतो, नाहीतर "सर्वांचे मनःपूर्वक आभार" असं लिहून मोकळा होतो. दोन्ही वेळा मदत करणाऱ्याला हवी असलेली गोष्ट कळत नाही: रक्त मिळालं का? गळ थांबली का?

मदत करणाऱ्याला काय झालं ते सांगणं, हे आभाराचं सर्वांत उपयोगी रूप. त्याची धावपळ तिथं थांबते आणि पुढच्या माणसाला तयार उत्तर मिळतं. ते नीट कसं करायचं, कुठं चुकतं आणि का चुकतं, हे पायरीपायरीने पाहू.

सुरुवात प्रश्नापासून

चांगले आभार मानता येतील की नाही, हे बरंचसं प्रश्न कसा विचारला यावर ठरतं. प्रश्न अर्धवट असेल तर उत्तरं विखुरतात, आणि मग नेमकं कुणाच्या सांगण्याने काम झालं हे विचारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

रक्ताच्या मागणीचं उदाहरण घेऊ, कारण इथली चूक सर्वांत महाग पडते. "अर्जंट! बी पॉझिटिव्ह हवे, प्लीज फॉरवर्ड करा" हा संदेश निरुपयोगी आहे, आणि त्रासदायकही. त्यात तारीख नाही, त्यामुळे तो महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि रुग्ण घरी गेल्यावरही नातेवाइकाचा फोन वाजत राहतो. संदेशात या गोष्टी हव्यातच: रक्तगट, काय हवं, म्हणजे लाल पेशी की प्लेटलेट्स, किती, दात्याने नेमकं कुठल्या ब्लड बँकेत यायचं (रुग्ण भरती असलेलं रुग्णालय आणि ब्लड बँक बरेचदा वेगवेगळ्या ठिकाणी असतात), आजची तारीख, किती वाजेपर्यंत, आणि रुग्णाजवळ असलेल्या एकाच माणसाचा नंबर. शेवटची ओळ लोक हमखास विसरतात. ती अशी:

"१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६ नंतर फोन करू नये. दाता मिळाला की इथेच कळवतो."

या ओळीचं कारण तांत्रिक आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. सर्वांसाठी पुसून टाकायची मुदत साधारण अडीच दिवसांची असते. पण कुणी तो दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवला असेल, तर ती प्रत तुमच्या हातात उरत नाही. म्हणून संदेशाची मुदत संदेशातच लिहायची.

डेंग्यूच्या दिवसांत, पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत, प्लेटलेट्सची मागणी वाढते. एकाच दात्याकडून मशीनवर प्लेटलेट्स घ्यायच्या असतील तर त्याला साधारण तास-दीड तास बसावं लागतं, आधी शीर आणि रक्त तपासलं जातं, आणि मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. हे आधी सांगणं हाच शिष्टाचार. वर्ध्याहून गाडी काढून आलेल्या माणसाला दारात "तुमची शीर बारीक आहे" असं ऐकून परतावं लागलं, तरी त्याचे आभार दान केलेल्याइतकेच मनापासून मानायचे. त्याचा वेळ आणि पेट्रोल तर खर्च झालंच ना. अशा माणसाला ग्रुपवर कुणी विचारत नाही, हे फार चुकीचं आहे.

पहिली पायरी: मिळालं, एवढं लगेच सांगा

उत्तर आलं की काही मिनिटांत पोच द्या. त्यासाठी त्या संदेशावर बोट ठेवून उजवीकडे सरकवा, म्हणजे तुमचं उत्तर त्याच संदेशाला चिकटून जातं. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये नुसतं "ओके सर" लिहिलं तर कुठले सर, हे कुणालाच कळत नाही.

पोच छोटी असावी आणि पुढे काय करणार ते त्यात असावं: "मिळालं दादा. उद्या सकाळी झाडाच्या बुडाशी उकरून बघतो आणि फोटो टाकतो." इथं "खूप खूप धन्यवाद, प्रश्न सुटला" असं लिहू नका, कारण प्रश्न अजून सुटलेलाच नाही. आभार लवकर मानले की वाचणाऱ्यांना विषय संपला असं वाटतं. ज्याच्याकडे खरं उत्तर होतं तो मग लिहीतच नाही.

पाच जणांनी पाच सल्ले दिले असतील तर पाचांना वेगवेगळी पोच देत बसू नका. एकाच संदेशात पाचही नावं घ्या आणि आधी कुठला उपाय करून बघणार ते लिहा. बाकीच्यांना आपला सल्ला डावलला असं वाटू नये म्हणून कारणही द्या: "आधी पाण्याचं बघतो, कारण ते आजच तपासता येतं."

दुसरी पायरी: मधली खबर

काम लांबणार असेल तर मध्ये एकदा लिहा. रक्ताच्या बाबतीत तासातासाला, संत्र्याच्या बाबतीत आठवड्याने, भाडेकरार किंवा सातबाऱ्याच्या कामात पंधरा दिवसांनी. तीन ओळी पुरतात. न लिहिल्यास मदत करणारा दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा विचारायचं सोडून देतो. त्यानंतर तो ग्रुपवर असतो, पण उत्तर देत नाही. चांगले जाणकार गप्प होण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आपत्तीत ही मधली खबर जीव वाचवते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अशा वेळी मदत मागणाऱ्या संदेशात घराचा पत्ता, मजला, किती माणसं, त्यात म्हातारी आणि आजारी किती हे लागतं. आणि बाहेर निघाल्यावर त्याच संदेशाला जोडून "आम्ही चौघेही सुखरूप निघालो, इथे बोट पाठवू नका" हे लिहावंच लागतं. ते लिहिलं नाही तर बोट तुमच्या रिकाम्या घराशी येते आणि पलीकडच्या गल्लीतलं कुणीतरी वाट बघत राहतं.

तिसरी पायरी: निकाल

लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. निकालाच्या संदेशात चार गोष्टी असाव्यात: अडचण काय होती, कुणी काय सुचवलं, प्रत्यक्षात काय केलं, आणि त्यातून काय झालं. संत्र्याच्या गळीवरून हे नीट समजतं.

आंबिया बहराची, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाची, फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात. पावसाळ्याच्या शेवटी त्या फळांची गळ सुरू झाली की काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुडकडचे ग्रुप "गळ होत आहे, उपाय सांगा" या एका ओळीने भरून जातात. गळीची कारणं मात्र निरनिराळी असतात. देठापासून काळपटपणा फळावर उतरत असेल तर बुरशीचा संशय घ्यायचा. फळाला बारीक छिद्र आणि त्याभोवती मऊ पडलेला चट्टा असेल तर रस शोषणारा पतंग. फळ बाहेरून स्वच्छ आणि तरी गळतंय, तर पाण्याचा ताण, साचलेलं पाणी किंवा अन्नद्रव्यांची कमतरता. म्हणून विचारतानाच झाडाचं वय, बहार, जमीन काळी की मुरमाड, पाणी ठिबकने की पाटाने, शेवटची फवारणी कशाची आणि कधी, हे लिहायचं. फोटो पाच: पूर्ण झाड, एक फांदी, पानाच्या दोन्ही बाजू एकत्र, गळलेलं फळ कापून, आणि मातीलगतचं खोड. खोडाचा फोटो वगळू नका, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) तिथेच दिसतो. फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक छिद्र दिसेनासं होतं. एचडी निवडा किंवा फाइल म्हणून पाठवा.

निकाल लिहिताना एक गोष्ट सतत चुकते, ती म्हणजे मात्रा. "पंपाला ३० मिली मारलं, फरक पडला" या वाक्यावरून दुसऱ्याला काही करता येत नाही. १५ लिटरच्या पंपात ३० मिली म्हणजे लिटरला २ मिली. तेच ३० मिली २० लिटरच्या पंपात टाकलं तर लिटरला दीड मिली, म्हणजे औषध पाव भाग कमी. ट्रॅक्टरच्या ब्लोअरवाल्याला तर "पंप" म्हणजे काहीशे लिटरची टाकी. म्हणून नेहमी "१० लिटर पाण्याला इतकं" असं लिहायचं, आणि औषधाच्या लेबलवर त्या पिकासाठी तीच मात्रा दिली आहे का ते बघूनच लिहायचं. खात्री नसेल तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यायचं, आणि तिथं काय सांगितलं तेही ग्रुपवर टाकायचं.

निकालाचा नमुना:

"५ तारखेला गळीबद्दल विचारलं होतं. आंबिया बहार, ११ वर्षांची झाडं, काळी जमीन. नरखेडच्या भाऊंनी फळ कापून बघायला सांगितलं, ताईंनी पाणी साचतं का ते विचारलं. फळावर छिद्र नव्हतं, देठही स्वच्छ. खालच्या सहा ओळींत पाणी तुंबत होतं. चर काढून पाणी बाहेर काढलं. १२ दिवसांनी त्या ओळींतली गळ बरीच कमी आहे, वरच्या ओळींत पहिल्यासारखीच थोडी चालू आहे. फवारणी केली नाही. दोघांचे मनापासून आभार, आणि फवारणी सुचवणाऱ्या दादांचेही, त्यांच्यामुळे देठ तपासायचं सुचलं."

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. ज्याचा सल्ला लागू पडला नाही त्यालाही यात मानाने जागा दिली आहे. "तुमचं चुकलं" असं चारचौघांत लिहिलेलं कुणी विसरत नाही. "ते आमच्या बागेला लागू पडलं नाही, कारण अमुक" असं लिहिलं की माहितीही पोचते आणि माणूसही टिकतो. सल्ल्याने नुकसान झालं असेल तर आधी खासगीत बोला. पण तो सल्ला इतरांनाही धोक्याचा असेल, चुकीची मात्रा किंवा चुकीचं औषध, तर ग्रुपवर स्पष्ट लिहिलंच पाहिजे. तिथं भीड धरू नका.

निकाल लिहिल्यावर मूळ प्रश्न पुसू नका. बरेच जण काम झालं की लाजेने किंवा आवराआवर म्हणून प्रश्न काढून टाकतात, आणि खाली कुणाचंतरी मोठं, मेहनतीने लिहिलेलं उत्तर विनाप्रश्न लोंबकळत राहतं. उलट अ‍ॅडमिनला सांगून निकालाचा संदेश वर पिन करून घ्या. व्हॉट्सॲपवर २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असे पर्याय आहेत. हंगामी प्रश्नाला ३० दिवस योग्य.

रक्तदात्याचे आभार: थोडं वेगळं

दात्याला पैसे देऊ नका. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद झाली आहे. प्रेमाने दिलेलं पाकीटही दात्याला अवघडून टाकतं. जाण्यायेण्याचा खर्च विचारणं, दान झाल्यावर काहीतरी खायला-प्यायला देणं, घरी सोडणं, हे सगळं चालतं आणि करावंच.

दात्याचा फोटो, पूर्ण नाव किंवा नंबर त्याला न विचारता ग्रुपवर टाकू नका. काहींना घरी सांगायचं नसतं, काहींना त्यानंतर रोज दहा फोन येऊ लागतात. त्यात पुरुष दात्याला पुढचं रक्तदान करायला ९० दिवस आणि महिलांना १२० दिवस थांबावं लागतं. त्याचा नंबर "पक्का दाता" म्हणून फिरवलात तर त्याला तीन-चार महिने फक्त नकार देत बसावं लागेल.

त्याच दिवशी ग्रुपवर: "दाता मिळाला, गरज संपली, पुढे पाठवलेले संदेश कृपया थांबवा." तीन-चार दिवसांनी दात्याला वैयक्तिक संदेश: रुग्ण कसा आहे, एवढंच. रुग्ण दगावला असेल तरीही कळवा. अवघड असतं, पण दाता मनात विचारत असतो आणि त्याला स्वतःहून विचारायला संकोच वाटतो. "बाबा काल गेले. तुम्ही आलात म्हणून आम्हाला सगळे प्रयत्न करता आले, हे आम्ही विसरणार नाही." इतकं पुरे.

कुणाला काय म्हणायचं

नागपुरात अनोळखी माणसाला भाऊ, दादा, ताई म्हटलेलं चालतं, आणि नावापुढे "जी" लावलं की वयाचा प्रश्नच उरत नाही. डॉक्टर, शिक्षक, कृषी अधिकारी यांना सर किंवा मॅडम. "अरे", "यार", "बावा" हे ओळख झाल्यावर. वऱ्हाडीत लिहिलं तर काहीच बिघडत नाही, उलट शेतकरी ग्रुपवर मोकळेपणा येतो. इथल्या बऱ्याच ग्रुपांवर निम्मी बोलणी हिंदीत होतात, तेव्हा ज्याने हिंदीत मदत केली त्याचे आभार हिंदीतच माना.

महिलांनी ग्रुपवर मदत केली की त्यांना खासगी संदेश पाठवायची घाई करू नका. आभार ग्रुपवरच. खासगीत काही पाठवायचं असेल तर ग्रुपवर विचारा: "ताई, रिपोर्टचा फोटो तुम्हाला वेगळा पाठवू का?" हो म्हणाल्या तरच पाठवा. आणि काम संपलं की तो संवाद तिथंच थांबवा. मदत केली म्हणून त्यांच्या नंबरवर रोज सकाळी शुभेच्छांची चित्रं पाठवणं म्हणजे आभार नव्हेत.

ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी आवाजी संदेश जरूर पाठवावा, पण मिनिटभराच्या आत आणि मुद्द्याचा. ग्रुपमधल्या एखाद्या तरुणाने तो दोन ओळींत लिहून काढला तर ती मदतच आहे, त्याचेही आभार माना. आवाजातला मजकूर नंतर शोधता येत नाही.

बाकीच्या सदस्यांनी काय करायचं

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत सदस्य असू शकतात. एकाने निकाल लिहिला आणि पन्नास जणांनी हात जोडलेली खूण वेगवेगळ्या संदेशांत टाकली, तर तो निकाल वर निघून जातो. बाकीच्यांनी संदेश दाबून धरून त्यावरच खूण द्यावी. ती दिसते आणि जागाही घेत नाही. लिहायचं असेल तर भर घाला: "आमच्याकडेही असंच झालं होतं, पण मुरमाड जमिनीत."

प्रत्येक ठिकाणची रीत मात्र वेगळी. प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं स्टॅक ओव्हरफ्लोवर जातात, तिथं उत्तराच्या जागी नुसतं धन्यवाद लिहिलेलं काढून टाकतात. लागू पडलेल्या उत्तराशेजारची बरोबरची खूण हिरवी करणं हेच तिथले आभार. नव्या ठिकाणी गेल्यावर आधी थोडे दिवस जुने सदस्य काय करतात ते बघावं.

परतफेड

पैशाने किंवा महागड्या भेटीने करू नका, कारण मग पुढच्या वेळी देण्याघेण्याचा हिशोब सुरू होतो. ओळख झाली असेल आणि आंबियाची संत्री घरी उतरली असतील तर पिशवीभर नेऊन द्या, ते शोभतं. खरी परतफेड म्हणजे आपल्याला जे कळलं ते पुढच्याला सांगणं. ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा आला की जाणकाराने लिहायची वाट न बघता तुम्ही तुमचा जुना निकाल शोधून तिथं लावा. त्याचं एक उत्तर वाचलं.

आणि त्याच जाणकाराला प्रत्येक वेळी नाव घेऊन हाक मारू नका. आधी पूर्ण ग्रुपला विचारा, एक दिवस थांबा, मग त्याला. त्याचा नंबर दुसऱ्याला देण्याआधी त्याला विचारा. रात्री दहा ते सकाळी सात फोन नाही, रुग्णालयाची तातडी सोडून.

उशीर झाला असेल तर

महिने उलटले, निकाल कळवायचा राहिला, आता कुठल्या तोंडाने लिहायचं असं वाटून लोक कायमचे गप्प बसतात. उशिरा आलेला निकालही तितकाच कामाचा असतो, किंबहुना बागेच्या बाबतीत पूर्ण हंगामाचं चित्र त्यात येतं म्हणून जास्तच. लांबलचक माफी नको. जुना संदेश शोधा, त्यालाच जोडून लिहा:

"दादा, ऑगस्टमध्ये तुम्ही चर काढायला सांगितलं होतं, कळवायला उशीर झाला. तोडणी परवा संपली. खालच्या ओळींत यंदा माल टिकला. पुढच्या पावसाआधी वरच्या बाजूलाही चर काढणार आहे, तेव्हा उतार कसा ठेवायचा ते विचारीन. आभारी आहे."